‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ म्हणताना : कीर्तनकार महाराजांना खुलं पत्र

समस्त कीर्तनकार, प्रवचनकार, फडकरी आणि गावोगावच्या सप्ताह समित्यांना,

रामकृष्णहरी.

‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ हे शब्द आपल्या मुखातून निघाले की मृदंगावर थाप पडते, टाळकरी सरसावतात आणि चाल सुरू होते. ब्रह्मांडं जागच्या जागी मागे राहतात. कीर्तनाला लय असते, प्रत्येक शब्दापाशी थांबता येत नाही, हे मला कळतं. पण एवढं मोठं नाव रोज घ्यायचं आणि ते किती मोठं आहे हे श्रोत्याला एकदाही दाखवायचं नाही, हे कुठेतरी खटकतं. वर्षातून एकदा, एखाद्या सप्ताहात, दहा मिनिटं तिथे थांबावं, एवढ्या मागणीसाठी हे पत्र.

आणि थांबाल तेव्हा काय सांगू नये, ते आधीच बोलून टाकतो.

मी माळकरी घरातला. जुन्नर तालुक्यात विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. गावात सप्ताह बसला की दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न यायचे. सूर्यातून ओंकाराचा ध्वनी निघतो हे ‘नासा’नं मान्य केलं, खरं का सर? हनुमान चालिसातल्या ‘योजन’ असलेल्या एका ओळीचा गुणाकार केला की सूर्याचं अंतर बरोब्बर येतं, खरं का? विश्वाची सुरुवात ज्यानं झाली तो महास्फोट म्हणे आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होता? मोबाइलवर आलेलं मुलं दुपारपर्यंत विसरतात. नारदाच्या गादीवरून ऐकलेलं विसरत नाहीत, म्हणून मला उत्तर द्यावं लागे. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या लयीत थरथरतो, हे खरं. ती थरथर हजारो पटींनी वेगवान करून माणसाच्या कानाला ऐकू येईल अशी करतात, हेही खरं. पण सूर्य आणि आपण यांच्यामध्ये पोकळी आहे, तिच्यातून आवाज येत नाही, आणि ओंकाराचं म्हणाल तर ‘नासा’नं असं काहीही मान्य केलेलं नाही. चालिसाच्या गुणाकाराचं म्हणाल, तर योजन हे अंतराचं माप नक्की किती, हेही जुन्या ग्रंथांत एकसारखं नाही. हवं ते माप धरलं की हवं ते उत्तर येतं.

माहिती चुकली तर दुरुस्त करता येते. मला जास्त टोचतं ते त्यामागचं मन. ज्या संप्रदायात लहानाच्या पायावर थोर डोकं ठेवतो, त्याच्या गादीवरून ‘हे आमच्याकडे आधीच होतं’ असा गर्व का ऐकू यावा? आणि तो गर्वही किती केविलवाणा! पांडुरंगाच्या खरेपणाला अमेरिकेतल्या एका सरकारी कचेरीचा दाखला जोडायचा. महाराज, तहसीलमध्ये दाखला जोडतात. देवळात कशाला?

हा मोह फक्त आपल्याकडे नाही. विश्व प्रसरण पावतंय आणि फार पूर्वी ते एका अतिसूक्ष्म, अतिदाट अवस्थेतून निघालं असावं, हे आधी मांडणाऱ्यांपैकी एक जण कॅथलिक धर्मगुरू होता. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र. १९२७ मध्ये त्यांनी प्रसरणाचं गणित मांडलं, १९३१ मध्ये ‘आदिम अणू’ची कल्पना. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी जाहीर भाषणात या नव्या विज्ञानाला ईश्वरी सृष्टीचा साक्षीदार ठरवलं. लमेत्र स्वतः पाद्री, स्वतःचाच सिद्धांत, साक्षात पोपकडून कौतुक. दुसरा कोणी असता तर फुलून गेला असता. त्यांना ते रुचलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाच्या बाहेर आहे. आस्तिकानंही तो तपासावा, नास्तिकानंही. ते प्रार्थना चालवत राहिले आणि समीकरणंही सोडवत राहिले. एकाला दुसऱ्याची कुबडी त्यांनी दिली नाही.

शहाणपण त्यातच होतं. सिद्धांत बदलतात. आपल्या पुण्यात जयंत नारळीकरांनी आयुष्यभर महास्फोटाच्या कल्पनेला आव्हान दिलं. बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूनं नव्हते, तरी त्यांनी प्रश्न सोडला नाही. उद्या नवीन निरीक्षणं आली आणि महास्फोटाचं चित्र पालटलं, तर त्याला बांधलेल्या ऋचांचं आपण काय करणार? सोडवून दुसऱ्या खुंटीला बांधणार?

मग त्या दहा मिनिटांत सांगायचं काय? जे आहे ते. नुसतं मोजून दाखवा. आपल्या श्रोत्याला कोट्यवधींचे आकडे ऐकून काही होत नाही, पण वाट त्याच्या पायांना माहीत आहे. म्हणून हे गणित मी आळंदी-पंढरपूर वाटेवर मांडून ठेवलंय. हवं तर उचला, माझं नाव घेऊ नका.

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. हे अंतर म्हणजे सूर्यापासून सगळ्यात जवळच्या ताऱ्यापर्यंतचं अंतर, असं धरा. या मापात अख्खा सूर्य माउलींच्या समाधीपाशी ठेवलेला तुळशीचा एक मणी होतो, नऊ मिलिमीटरचा. पृथ्वी त्याच्यापासून दोन हातांवर, बुक्क्याचा एक कण. त्या कणावर सगळे समुद्र, सगळी राज्यं, सगळी तीर्थं आणि आपण. शेवटचा ग्रह नेपच्यून तीस मीटरच्या आत. माणसानं बनवलेली सगळ्यात दूर गेलेली वस्तू म्हणजे व्हॉयेजर-१ हे यान. १९७७ मध्ये त्याचं प्रस्थान झालं, सेकंदाला सतरा किलोमीटर वेगानं चाललंय, आणि या मापात अजून दोनशे मीटरही गेलेलं नाही. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी, सगळी वाट जवळजवळ रिकामी. आणि पंढरपुरात पोचल्यावर पुढचा तारा, तोही मोहरीएवढा.

इथे श्रोता हलतो. मी वर्गात पाहिलंय, मुलं गप्प होतात. पण थांबू नका, कारण हे झालं फक्त शेजारचं घर. आपल्या आकाशगंगेत असे तारे किमान दहा हजार कोटी आहेत. याच मापात तिची रुंदी साठ लाख किलोमीटर भरते; खरा चंद्र आपल्यापासून जेवढा दूर आहे त्याच्या पंधरापट. आणि शेजारची मोठी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा समूह, देवयानी? सूर्याला तुळशीचा मणी केल्यानंतरही ती पंधरा कोटी किलोमीटरवर राहते, म्हणजे खरा सूर्य आज जितका लांब आहे तितक्या अंतरावर. अशा दीर्घिका दृश्य विश्वात किती, याचे अंदाज वीस हजार कोटींपासून दोन लाख कोटींपर्यंत जातात. दृश्य विश्व म्हणजे ज्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकला तेवढंच. त्यापलीकडे किती आहे, कोणालाच सांगता येत नाही.

आता म्हणा ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’. बघा जीभ तशीच वळते का.

यावर शास्त्राधाराची शंका कोणी काढेल, म्हणून गीतेतलीच जागा दाखवतो. आपल्याला ती माझ्याहून जास्त पाठ आहे. अकराव्या अध्यायात अर्जुनाला विश्वरूप दिसतं. आपण चित्रात पाहतो तसं तो हात जोडून प्रसन्न मुद्रेनं बघत बसत नाही. त्याला दिशा कळेनाशा होतात, तो थरथरतो. आणि मग तो जे करतो ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तो क्षमा मागतो. हे कृष्णा, हे यादवा, हे सख्या, असं तुला बरोबरीनं हाक मारत आलो. खेळताना, बसता-उठताना, जेवताना थट्टेत तुझा अवमान केला असेल, तो पोटात घाल. आमच्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं, अशी फुशारकी तिथे त्याला सुचत नाही. त्याला एवढंच उमगतं की आपण कोणाच्या खांद्यावर हात टाकून बसलो होतो. त्यानंतर तो विनवतो, आता तुझं ते नेहमीचं रूप दाखव. देव ते दाखवतो आणि भिऊ नकोस म्हणतो.

आणि पुढचा अध्याय कोणता? बारावा, भक्तियोग. आधी विराट, मग भक्ती, असा तो क्रम आहे. आपण, महाराज, बहुतेक वेळा अकरावा ओलांडून थेट बाराव्यात येतो. विटेवरचं सावळं रूप लाडकं आहेच. माउली म्हणतो, विठू म्हणतो, त्याच्याशी भांडतो. पण जो कधी थरथरलाच नाही त्याच्या सलगीत आणि अर्जुनाच्या सलगीत फरक राहणार. हे लेकुरवाळं रूप आपल्यासाठी केवढ्या पसाऱ्यातून लहान होऊन उभं राहिलंय, हे जाणवलं की कर कटावर ठेवण्यातली कृपा वेगळी दिसते. मला तरी दिसली. (दुर्बीण म्हणजे दिव्यदृष्टी, असं मी म्हणत नाहीये. तसं म्हटलं तर मीही त्या ‘नासा’वाल्यांच्या पंगतीत बसेन.)

एक आडवा प्रश्न येणार, त्याची तयारी ठेवा. गावातला एक मुलगा, पुण्यात इंजिनीअरिंगला, घरात तीन पिढ्यांची वारी. हे गणित ऐकून तो मला म्हणाला, “सर, एवढ्या पसाऱ्यात माझ्या हरिपाठाकडे कोण बघतंय?” मी उत्तर द्यायची घाई केली नाही. प्रश्न खरा आहे. याच आकाशाकडे पाहून माझे काही मित्र नास्तिक झाले. त्यांचं चुकलं असं मला सिद्ध करता येत नाही आणि त्यांना तसं सांगायचा माझा हेतूही नाही. सभ्य माणसं आहेत, माझ्याहून सरळ वागतात.

पण माझ्यापुरतं मला दिसलं ते असं. या विस्तारात एका प्रकारचा देव टिकत नाही: नारळ घेऊन गुण वाढवून देणारा, आपल्या बाजूचा सरपंच निवडून आणणारा, पावती मोठी असेल त्याला जवळून दर्शन देणारा. बुक्क्याच्या कणावरच्या एका वस्तीतल्या एका जातीचा कैवार घेणारा देव या आकाशाखाली उभा राहू शकत नाही. तो गेला तर जाऊ द्या. तो गेल्यावर नामस्मरण उरतं, आणि ते कुणी ऐकतंय का याचा हिशेब न ठेवता करायचं असतं, हे आपल्या संतांनीच सांगितलंय. तुकोबांची ‘आकाशाएवढा’ ही ओळ फ्लेक्सवर सगळे छापतात. तिच्या आधीचं ‘अणुरेणिया थोकडा’ कुणी छापत नाही. आधी अणुरेणूहून लहान व्हावं लागतं, हे त्या अभंगाच्या क्रमातच आहे. नामदेवांनी तर पायरी मागून घेतली. दिंडी रथापुढे कितवी, रथामागे कितवी, विणा कुणाच्या गळ्यात, पहिला हार कुणाला, यावरून भांडणाऱ्या आपल्या मंडळींना तुळशीच्या मण्याचं हे गणित एकदा ऐकवाच. त्यांच्यावर रागावून नव्हे. मीही त्या भांडणांत बसलेलो आहे.

लहानपणाची दुसरी बाजूही सांगा, नाहीतर ऐकणारा खचून घरी जाईल. चंद्रभागेचं ओंजळभर पाणी घ्या. त्यातल्या हायड्रोजनचे गाभे विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काही मिनिटांतले आहेत, सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वीचे. टाळाच्या कांशातलं तांबं आणि कथील सूर्य जन्मण्याच्या आधी होऊन गेलेल्या ताऱ्यांत घडलं. आपल्या रक्तातलं लोहही तसंच. आपण या पसाऱ्यात बाहेरून आलेले पाहुणे नाही, त्यातूनच झालोय. एवढं सांगा आणि तिथेच थांबा. त्यावरून लगेच अद्वैत सिद्ध झालं म्हणू नका. ऐकणारा स्वतः जोडेल, नाही जोडलं तरी बिघडत नाही.

हे सगळं ऐकायला परदेशाकडे बघायचीही गरज नाही. आमच्या तालुक्यात आळ्याला रेड्याची समाधी आहे, तिथे आपण येता-जाता माथा टेकता. त्याच तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. एकूण तीस, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या, त्यांतल्या काही द्राक्षबागा-उसाच्या शेजारी. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी हा प्रकल्प उभा केला. त्या दुर्बिणी जे ऐकतात त्यात हायड्रोजनही आहे, तोच ओंजळीतला. २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली की तिथे एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत मिळाला, जो ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. तेव्हा सूर्य नव्हता, पृथ्वी नव्हती. दोन्ही जन्मायला आणखी चारशे कोटींहून जास्त वर्षं होती. तो संकेत आमच्या शिवारात उतरला आणि त्या आठवड्यात आमच्या पारावर चर्चा होती कांद्याच्या भावाची. चर्चा रास्तच होती, भाव पडलाच होता. तरी वाटून गेलं की त्या संध्याकाळी गावात कीर्तन असतं आणि महाराजांनी हे सांगितलं असतं तर!

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदचं केंद्र लोकांना खुलं असतं. आळंदीत कीर्तन शिकणाऱ्या मुलांना त्या दिवशी गाडीत घालून आणा. दीड-दोन तासांची वाट आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना ती मुलं विचारतील ते प्रश्न मलाही ऐकायचे आहेत. एक गोष्ट त्यांनी तिथून नक्की शिकावी: विश्वाचा फक्त पाचेक टक्के भाग आपल्याला ओळखता येतो, बाकी कशाचा आहे माहीत नाही, असं ती माणसं सहज सांगतात. न लाजता ‘माहीत नाही’ म्हणायला गादीवर बसणाऱ्याला फार जड जातं. शिक्षकालाही जायचं.

हिंगोलीकडच्या महाराजांना तर याहून मोठी संधी आहे. औंढा नागनाथाजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्रानं सुमारे २,६०० कोटींचा खर्च मंजूर केला. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचा बदल प्रोटॉनच्या जाडीच्या हजारो भागांपैकी एक. अशी पहिली लहर अमेरिकेत २०१५ मध्ये सापडली. सव्वाशे कोटींहून जास्त प्रकाशवर्षांवर (प्रकाश एका वर्षात जातो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष) दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, त्यानं अवकाशच हललं. आणि हे औंढा म्हणजे विसोबा खेचरांचं औंढा. देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव, असं त्यांनी नामदेवांना सांगितलं आणि ठेवावेत तिथे पिंड उगवली, ती कथा आपण शेकडो वेळा रंगवलीत. विसोबांना गुरुत्वीय लहरी ठाऊक होत्या असं मात्र कृपा करून म्हणू नका! ती कथा आणि ती वेधशाळा एकाच माळावर शेजारी राहू द्या. दोन्ही ऐकून जो माणूस घरी जाईल, त्याला पाय कुठे ठेवायचे याचा संकोच वाटला तर पुरे.

आता व्यवहाराचं. आषाढीला ढग असतात, तेव्हा नको. माउलींचा समाधी सोहळा कार्तिक वद्य त्रयोदशीला, त्या आठवड्यात गावोगावी सप्ताह बसतात. वद्य पक्षातल्या त्या दिवसांत चंद्र पहाटेकडे उगवतो, पाऊस सरलेला असतो, आकाश स्वच्छ. खुद्द आळंदीत पुणे-चिंचवडच्या उजेडानं काही दिसणार नाही, पण आमच्यासारख्या गावांत दिसतं. रात्री आठ-साडेआठला, कीर्तन उभं राहायच्या आधी, देवयानी दीर्घिका जवळजवळ डोक्यावर असते. अंधार असेल तर नुसत्या डोळ्यांना फिकट पुंजका दिसतो. तो प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय, आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधी. पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या असतात, शेतकऱ्याला त्या ओळखून दाखवाव्या लागत नाहीत. त्यांचं अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षं. म्हणजे जो किरण त्या रात्री डोळ्यात शिरेल तो निघाला तेव्हा पैठणला नाथ महाराज होते, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्याच्या सुमाराचे ते दिवस. एवढं एक वाक्य सांगितलंत तरी त्या रात्रीचं निरूपण मला वेगळं ऐकू येईल.

समित्यांना विनंती अशी की मंडपातले हॅलोजन, कमानीच्या माळा आणि देणगीदारांच्या फ्लेक्सवरचे दिवे पंधरा मिनिटं बंद ठेवावेत. देणगीदार रुसतील. त्यांना समोर, पहिल्या ओळीत बसवा आणि तुळशीच्या मण्यापासून सुरुवात करा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना अंधारात उठू देऊ नका, सतरंज्यांत पाय अडकतात.

जुन्नर, आंबेगाव, खेड यांपैकी कुठल्याही गावानं बोलावलं तर मी माझी छोटी दुर्बीण घेऊन येईन. बिदागी नको, नारळ नको, जेवण सगळ्यांबरोबर पंगतीत. फक्त लाइटवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐन वेळी तो कधीच सापडत नाही.

आपला,
एक माळकरी मास्तर
ता. जुन्नर, जि. पुणे